वाळलेल्या डाळिंबांचं कुंपण

६ ऑगस्ट २०२४

चौथ्या ओळीतलं अकरावं झाड गेलं.

परवा एक फांदी पिवळी दिसली तेव्हा म्हटलं, पाणी कमी पडलं असेल. काल निम्म्या झाडानं मान टाकली. आज सगळं. पानं फांदीलाच आहेत, पण हात लावला की पापडासारखी चुरतात. आठ वर्षांचं झाड, ह्यांनी स्वतः खड्डा घेऊन लावलेलं, ते तीन दिवसांत जातं? असं आपोआप काही होत नसतं.

म्हणून आजपासून लिहून ठेवणार. कारखान्याची डायरी दरवर्षी येते आणि कोरीच राहते. अंगणवाडीत एकतीस वर्षं मी रजिस्टरं भरली, पोरांची वजनं, उंच्या, हजेऱ्या, एकदाही खाडाखोड केली नाही. इथंही करणार नाही.

वरकुट्यात माझी एक एकर डाळिंबाची बाग आहे. तीनशे चार झाडं, आता तीनशे तीन. हे गेल्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून बाग मी एकटी बघते. लेक सुप्रिया बारामतीत दिलीय, ती सणावाराला येते. बांधाच्या पलीकडं, उताराच्या अंगाला, धाकटे दीर रामहरी यांचं रान. त्यांनी आयुष्यभर ऊस केला आणि दोन वर्षांमागं ऊस मोडून डाळिंब लावलं. यंदा त्यांचा पहिला बहार.

ह्यांच्या तेराव्याला मांडव निघायच्या आत हेच रामहरी मला म्हणाले होते, "वहिनी, एकट्या बाईला बाग न्हाय झेपायची. आमी बगतो की." मी तिथंच सांगितलं, माझं मी बघेन, तुम्ही तुमचं बघा. त्यानंतर त्यांना मी बागेत पाऊल टाकू दिलेलं नाही. ते शब्द विसरले असतील. मी नाही विसरले.

१४ ऑगस्ट

दहावं आणि बारावं गेलं. अकराव्याच्या दोन्ही अंगची. इथंच मला शंका आली. रोग असता तर एक इथं, एक तिथं असा आला असता. ओळ धरून माणूस चालतो.

बिरदेवला बोलावलं. छाटणी, फवारणी, सगळं तोच करतो, बारा वर्षं झाली. त्यानं ट्रॅक्टरला साखळी लावून तिन्ही झाडं मुळासकट उपटली आणि ओळीओळीतून फरफटत बांधापाशी नेऊन टाकली. एकाचं खोड आडवं कापून मला दाखवलं. "बाई, आतनं काळं पडलंय बगा."

मी म्हटलं, मुळात काही ओतलं की ते वर चढणारच.

"तणनाशक म्हणताय व्हय? मग खालचं गवात आदी जळालं आसतं की."

गवत हिरवंगार होतं हे खरं. पण ओतणारा हुशार असेल तर गवत जपून ओतील. बिरदेव भोळा आहे. त्याला कुणीही हरभऱ्याच्या झाडावर चढवावं.

२१ ऑगस्ट

काल सांजेला चुलीतली राख चाळून बांधाच्या आतल्या कडेनं पसरली. हात काळे झाले, कंबर धरली. पण आज सकाळी जाऊन बघते तर चपलेचे ठसे. डावी टाच झिजलेली. आमच्या घरात डावीकडं कलून चालणारा एकच माणूस आहे, आणि तो बांधापलीकडं राहतो.

ठसे चौथ्या ओळीपर्यंत गेलेले. तिथून तिसऱ्या ओळीत. परत बांधावर.

दहा वाजता रामहरी त्याच्या पाण्याच्या मोटारीपाशी दिसला. मी सरळ विचारलं, "भाऊजी, सकाळी आमच्या बागेत काय होतं?"

"झाडं बगत हुतो, वहिनी. पिवळी पडल्याली दिसली म्हणून."

"आमची झाडं आम्हाला दिसतात."

तो मान खाली घालून वळला. निर्दोष माणूस भांडला असता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

(आजपासून त्याला मी अहोजाहो लिहिणार नाही. तोंडावर म्हणेन. डायरीत कशाला?)

३० ऑगस्ट

एकूण सात गेली.

आज नवीन प्रकार सापडला. तिसऱ्या आणि पाचव्या ओळीतल्या काही झाडांच्या बुंध्यांना मुंग्या लागल्यात. वाकून वास घेतला. गुळाचा. गुळाचाच, मी खुळी नाही. माती ओली, वर पांढरट तवंग, आणि गुळाचा वास. ठिबकला गूळ येत नाही.

उंदराला विष घालायचं तर गुळात कालवून घालतात. झाडालाही तसंच करत असतील का? सुप्रियाला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "आई, मुळं आणि माती तपासायला दे ना. मी इकडं घेऊन येते." मी म्हटलं, तपासून काय कळणार, बाटलीवर का नाव लिहिलेलं असतंय ओतणाऱ्याचं?

मुंग्यांची झाडं मोजून ठेवली. एकोणीस. त्यांना चुन्यानं खूण केली. आता हीच जाणार, बघू.

९ सप्टेंबर

उद्या गौरी यायच्या आणि मी आज कुंपण घातलं. गौरी माफ करतील.

अकरा झाडं गेलीत. बांधापाशी त्यांचा ढीग झाला होता. बिरदेव म्हणाला, बाभळीची काटं आणतो. मी म्हटलं, डाळिंबाला काय कमी काटे आहेत? हीच लाव. मुळासकट, आहेत तशी. बुंधे बांधावर, शेंडे रामहरीच्या अंगाला. फांदीत फांदी अडकवून असं झालंय की मांजर निघणार नाही. ह्यांनी लावलेली झाडं आहेत, मेल्यावरही बागेची राखण करतील.

संध्याकाळी रामहरी बांधावर आला. कुंपणाची मुळं निरखली. मग म्हणाला, "वहिनी, ही काटं हितं नका ठिऊ. जाळून टाका. मी जाळू लागतो."

बघा. कुंपण घालून दोन तास झाले नाहीत तर साहेबांना ते नकोसं झालं. वाट बंद झाली ना. मी म्हटलं, "माझ्या बांधावर मी काय ठेवायचं ते मी ठरवीन."

"तसं न्हाय वो. मुळांची माती..."

"मातीवरच तर डोळा आहे तुमचा."

तोंड एवढंसं करून गेला. आज मला बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

१९ सप्टेंबर

पोलीस पाटील म्हस्कू तात्यांकडं तक्रार दिली होती. गणपती उठले की बघू म्हणाले होते. आज चावडीत बसवलं. तात्या, दोन पंच, बिरदेव, मी आणि रामहरी. आमची जाऊ छबूबाई खांबापाशी डोईवर पदर घेऊन उभी.

मी सगळं वाचून दाखवलं. तारीख, झाड, ओळ, राखेतला ठसा, गूळ. अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये वाचायचे तसं, सावकाश. तात्या म्हणाले, "रामहरी, तुला काय सांगायचं हाय?"

तो उठला. "तात्या, मी बागंत जात हुतो ही खरं हाय. पर वाईटाला गेलो न्हाय."

"मग कशाला गेला?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मी नजर काढली नाही. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वहिनीस्नी नको आसंल तर आजपासनं मी बांध वलांडणार न्हाय. ह्या पाच माणसांत सांगतो."

छबूबाई काहीतरी बोलणार होती, त्यानं हातानं गप्प केलं. मी जिंकले. घरी येऊन चहा केला, तो घशाखाली उतरेना. दूध जरा जुनं होतं.

जाता जाता तो तात्यांना एवढंच म्हणाला, "वहिनीस्नी ती काटं तेवढी जाळाया सांगा." तात्यांनी मला सांगितलंही. मी म्हटलं, बघू.

२ ऑक्टोबर

तीन दिवस पाऊस धरून आहे. बहाराचं पाणी सोडायचा खर्च वाचला, पण बागेत चिखल. माझ्या रानातलं पाणी बांधावरून, कुंपणाच्या मुळ्यांतून गाळून खाली उतरतंय. लाल मातीचं पाणी. ते रामहरीच्या पहिल्या ओळीत जाऊन थांबतंय, चांगलं पोटरीएवढं. तो खोरं घेऊन चर काढत होता. माझ्याकडं बघितलं नाही.

थांबू दे. उताराला रान घेतलं की पाणी येणारच.

१५ ऑक्टोबर

सव्वीस.

हे मला कळत नाही. त्यानं शपथ घेतली, राखेवर ठसा नाही, कुंपण जागच्या जागी आहे. गुळाचा वासही नाही, मुंग्या गेल्या. आणि झाडं आधीपेक्षा जोरात जाताहेत. पहिल्या महिन्यात सात आणि आता महिन्यात पंधरा.

म्हणजे तो नाही तर त्याचं कुणीतरी आत येतंय. आत येणारा एकच माणूस आहे. दसऱ्याच्या दिवशी मी बिरदेवला रामहरीच्या ओट्यावर बसून चहा पिताना बघितलं. बारा वर्षं घरातला म्हणून वागवला त्याला. आज त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

तो म्हणाला, "बाई, माझं काय चुकलं ती तरी सांगा." मी म्हटलं, तुझं तुला माहीत. त्यानं छाटणीची कात्री ओट्यावर ठेवली, धार लावून आणलेली होती.

आता बागेत मी आणि माझी सावली. उद्या सावलीवरही डोळा ठेवावा लागेल.

३ नोव्हेंबर

छबूबाईनं फराळाचं ताट पाठवलं. एवढं झाल्यावर? चिवडा, करंज्या, शेवेचे लाडू. मी चिवडा आधी मांजराला घातला. अर्धा तास बसून बघितलं. मांजरानं शेंगदाणे तेवढे सोडले आणि पाय चाटत बसलं. मग मीही खाल्ला. चांगला झालाय.

ताट मोकळं कसं पाठवायचं म्हणून साखर घातली. आपण रीत सोडायची नाही.

२१ नोव्हेंबर

सुप्रिया आली. मी तिला डायरी दाखवली, सगळी. तिनं इकडची तिकडची चार पानं वाचली आणि मिटून ठेवली. "आई, हे वाचून मला रडू येतंय."

मी म्हटलं, मला आलं नाही ते तुला कशाला.

तिनं ऐकलं नाही. स्वतः टिकाव घेऊन वाळत्या झाडाच्या मुळ्या खणल्या, माती पिशवीत भरली, वर झाडाचा नंबर लिहिला. मुळ्यांवर बारीक बारीक गाठी होत्या, मोहरीच्या दाण्यांसारख्या. जाताना बांधावरचं कुंपण बघून थबकली. "हे कुणी लावलं?"

"मी."

"काकांनी काही म्हटलं नाही?"

"त्यांना कशाला आवडेल?"

ती गाडीला किक मारून गेली, नीट निरोपही घेतला नाही. बाप गेल्यापासून ती चुलत्याचीच जास्त.

६ डिसेंबर

बारामतीहून मुळं-माती तपासल्याचा कागद आला. सुप्रियानं फोनवर फोटो पाठवला आणि मी भिंग लावून वाचला. मर रोग. जमिनीतली बुरशी. मुळांना सूत्रकृमींच्या गाठी, त्या जखमांतून बुरशी आत शिरते, खोडात चढते आणि पाण्याची वाट बंद करते. एका झाडाची मुळं शेजारच्याला लागली की त्याला धरते, म्हणून ओळीनं मरतात. तणनाशकाचं एकही लक्षण नाही.

कागदाला काय, कागद काहीही सोसतो. असं म्हणून मी फोन बाजूला ठेवला. मग परत घेतला.

खाली उपाय लिहिलेत. पहिला उपाय वाचला आणि भिंग पुसून परत वाचला. "निरोगी झाडांच्या बुंध्याशी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी गुळाच्या पाण्यात मिसळून ओतावी."

सुप्रियाला फोन केला. "गुळाचं पाणी कोण ओतत होतं?"

ती म्हणाली, "काकांनी ऑगस्टमध्येच मला फोन केला होता. झाड बघून त्यांना शंका आली होती. मी इथल्या प्रयोगशाळेत विचारून सांगितलं काय करायचं ते. तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, माझ्या हातनं ती औषध घ्यायची नाही, मी आपलं सकाळी जाऊन ओतत जाईन. चावडीत त्यांनी तोंड उघडलं असतं तर तू सगळ्यांसमोर खोटी पडली असतीस."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"चावडी झाली ते मला कुठं कळवलंस? आले तेव्हा डायरीतच वाचलं. नुसतं तोंडानं सांगून तू ऐकली असतीस?"

बागेत गेले. चुन्याची खूण केलेली एकोणीस झाडं. सोळा उभी आहेत, कळीवर. सुप्रिया म्हणते, त्यामुळंच जगली असं म्हणता येत नाही, पण मदत झाली असेल. मी तिथं बुंध्याशी बसले. किती वेळ ते लिहीत नाही.

जाऊन सांगायला पाहिजे. पण काय सांगू? पाच माणसांत बोलले, आता स्वैपाकघरात जाऊन कुजबुजू? आणि त्यांनीही तोंडानं सांगायचं की. एवढा मोठा माणूस, चोरासारखा कशाला यायचा?

कागदाच्या शेवटच्या ओळीत आहे, मेलेलं झाड ओढून नेऊ नये, मुळासकट जागीच जाळावं. ते ओढून झालं. बांधावरचं तर वाळून कडकडीत झालंय. त्यात आता काय राहिलं असणार?

२८ डिसेंबर

आज जाते, उद्या जाते, असं करत तीन आठवडे घालवले. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेले, आत भांड्यांचा आवाज आला आणि परत फिरले. संक्रांतीला जाईन. तिळगूळ हातात असला की तोंड उघडतं.

बिरदेव निमगाव केतकीच्या बाजारात दिसला. मी हाक मारायच्या आत तो गाड्यामागं गेला.

१४ जानेवारी २०२५

तिळगूळ घेऊन गेले. घरी छबूबाई एकटीच होती. "ती रानात हायती," एवढंच म्हणाली. बस म्हणाली नाही.

मी रानात गेले, बांधाला वळसा घालून, रस्त्यानं. भाऊजी पहिल्या ओळीत उकिडवे बसले होते. त्यांची झाडं दोन वर्षांची, कमरेच्या वर, फळं लिंबाएवढी झालेली. त्यांच्यासमोरच्या झाडाची एक फांदी पिवळी होती.

मला बघून ते पटकन उठले आणि फांदीच्या आड उभे राहिले. पोर काही फोडल्यावर उभं राहतं तसं. "पानी कमी पडलंय जरा," म्हणाले.

मी तिळगूळ दिला. त्यांनी घेतला. जे सांगायला गेले होते त्यातलं एक अक्षर निघालं नाही. कारण मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. ओळीत पुढं आणखी दोन झाडं पिवळी होती. तिन्ही झाडं आमच्या बांधाला लागून, आणि वर, बरोबर वर, माझं कुंपण.

१९ जानेवारी

अकरा.

माझी नाहीत. त्यांची. मी आमच्या बांधावरून मोजली. पहिल्या ओळीत नऊ, दुसरीत दोन. जिथं ऑक्टोबरचं पाणी थांबलं होतं तिथंच सगळी. त्या दिवशीचं मी लिहिलेलं वर आहे. "थांबू दे." खाडाखोड करणार नाही म्हटलं होतं ना, मग राहू दे ते तसंच.

पिठाच्या गिरणीत बायका बोलत होत्या, रामहरीची बाग बसली म्हणून. मी विचारलं, कशानं? एक म्हणाली, "रोपंच खराब निगाली म्हणं. ती सवताच सांगत्यात समद्यांस्नी."

ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं की माझं नाव नाही आलं. मग दळण तिथंच टाकून घरी आले. ज्या माणसानं दोनदा सांगितलं काटे जाळा, त्याला माहीत नाही होय कशानं गेली ते? पाच माणसांत मी त्याला चोर ठरवला आणि तो साऱ्या गावात माझ्यासाठी खोटं बोलत फिरतोय.

दोन दिवस चूल पेटवते आणि विझवते.

२० जानेवारी

आज गेले. तिळगूळ नाही, काही नाही, मोकळ्या हातानं. दोघंही ओट्यावर होते. मी उभ्यानंच सांगितलं.

"भाऊजी, तुमची बाग माझ्या कुंपणानं गेली. मुळांची माती पावसात तुमच्याकडं उतरली. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. गुळाचं पाणीही मला कळलंय. मी चावडीत परत पाच माणसं बोलावते आणि तिथं सांगते."

छबूबाईचा बांध फुटला. "आक्का, दोनदा सांगितलं ह्यांनी तुमास्नी. मी म्हणत हुती, आपुन हुन जाऊन पेटवून देऊ. तर म्हणायचं, तिची झाडं हायती, दादानं लावल्याली, तिला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय. दोन वर्सं आमी पोरागत संबाळली वो ही झाडं. पयला बहार हुता आमचा."

मी म्हटलं, बोल, आणखी बोल. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

भाऊजी म्हणाले, "चावडी-बिवडी नको, वहिनी. झालं ती झालं."

मी म्हटलं, नाही. तिथं बोलले तर तिथंच फिरवणार.

२२ जानेवारी

म्हस्कू तात्यांनी तीच माणसं बोलावली. मी उभी राहिले आणि सांगितलं. कागद वाचला, माझी चूक वाचली. शेवटी बिरदेवकडं वळून म्हटलं, तुझं काही चुकलं नव्हतं. तो बसल्या जागी चुळबुळ करून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो बाई." तात्यांनी पान लावलं आणि म्हणाले, मिटलं. त्यांच्या लेखी मिटलं असेल.

२३ जानेवारी

आज कुंपण जाळलं. बिरदेव आला होता. सुप्रियानं सांगितल्याप्रमाणं ओढलं काहीच नाही, बांधावर आहे तिथंच वाळलेला पाला घालून पेटवलं. मी लांबून बघते म्हणाले, तर बिरदेवनं काडी माझ्याच हातात दिली. डाळिंबाचं लाकूड वाळलेलं असलं तरी लवकर धरत नाही. धरलं तेव्हा डोक्यावरून जाळ गेला. ह्यांनी खड्डे घेतले होते तेव्हा मी डोक्यावरून शेणखत वाहिलं होतं, ते सगळं डोळ्यापुढं आलं आणि मी मोठ्यानं रडले. बिरदेव पाठ करून उभा राहिला.

जाळ खाली बसल्यावर पलीकडं भाऊजी दिसले. हातात खोरं. बांधाच्या त्यांच्या अंगाला येऊन थांबले. राखेच्या पलीकडं ते, अलीकडं मी. मध्ये आता काहीही नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊजी, या की इकडं. बुंधे अजून धुमसताहेत, चहा आणलाय."

ते आपल्या पायांकडं बघत राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल. सकाळपासून वाळलेली झाडं खणत होते. म्हणाले, "नको वहिनी. आमच्या बागंतली माती हाय पायाला. तुमची ऱ्हायल्याली झाडं तरी जगू द्या."

मी बिरदेवला बादली आणायला सांगितली. ब्लीचिंगचं पाणी कालवलं, तांब्या घेतला आणि राखेच्या कडेनं त्यांच्या अंगाला उतरले. ते दोन पावलं मागं सरले. "वहिनी, तुमी थोरल्या हाय. द्या हिकडं, मी धुतो."

मी तांब्या दिला नाही. खाली बसून त्यांच्या पायांवर पाणी घातलं. बोटांच्या बेचक्यांतली माती हातानं काढली. एक पाय झाला तेव्हा त्यांनी दुसरा पुढं केला नाही, मला तो धरून पुढं घ्यावा लागला. ते तोंड फिरवून आपल्या पहिल्या ओळीकडं बघत उभे होते. तिथं आता खड्डेच होते.